नव्या घरात साप कसा स्थिरावतो

घरी नव्याने आणलेला साप पहिले आठ-दहा दिवस काहीच खात नाही आणि लपण्याच्या जागेतून बाहेरही येत नाही, तेव्हा तो आजारी असावा या शंकेने त्याला वारंवार बाहेर काढून पाहिले जाते, किंवा माणसाची सवय लागावी म्हणून रोज हातात घेतले जाते. या दोन्ही गोष्टींमुळे त्याचा स्थिरावण्याचा काळ लांबतो. सापाला माणसाशी ओळख करून घेण्याची घाई नसते. त्याला आधी जागा ओळखायची असते, म्हणजे ऊब कुठे आहे, पाणी कुठे आहे आणि धोका आल्यास अंग कुठे चोरता येईल, एवढे त्याला ठाऊक व्हावे लागते. हे काम तो स्वतःच करतो. पाळणाऱ्याने पेटी नीट मांडून द्यावी आणि बाजूला व्हावे.

जागा ओळखण्याचे सापाचे मुख्य साधन म्हणजे त्याची दुभंगलेली जीभ. ती हवेतले आणि पृष्ठभागावरचे गंधकण गोळा करते आणि तोंडात परतल्यावर ते कण टाळूतील जेकबसन या गंध ओळखणाऱ्या अवयवापर्यंत पोहोचतात. साप नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या पेटीत ठेवला, की त्याची जीभ नेहमीपेक्षा अधिक वेळा आत-बाहेर होताना दिसते, कारण ओळखीचे सारे गंध नाहीसे झालेले असतात. म्हणूनच साप आणताना त्याच्या जुन्या पेटीतील स्वच्छ पण वापरलेला थोडासा भुसा किंवा कागद मागून आणावा आणि नव्या पेटीत घालावा. सुरुवातीच्या आठवड्यांत विष्ठा तेवढी लगेच काढावी आणि संपूर्ण पेटी धुण्याचा मोह टाळावा.

सापाला बाहेरचा कान नसला तरी तो बहिरा नाही. त्याच्या आतल्या कानाचे हाड जबड्याशी जोडलेले असते आणि त्यातून कंपने पोहोचतात. 2012 मध्ये बॉल पायथन या घरी पाळल्या जाणाऱ्या लहान आफ्रिकी अजगरावर झालेल्या एका अभ्यासात, साधारण 80 ते 160 हर्ट्झ या खालच्या पट्टीतील आवाजांना हा साप सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि हवेतून आलेला आवाजही त्याच्या कवटीला कंपित करून त्याला जाणवतो, असे दिसून आले. दार आपटणे, जड पावले, मोठ्या स्पीकरमधील ठोके आणि धुलाई यंत्राची घरघर यांत अशी खालच्या पट्टीतील कंपने भरपूर असतात. पेटी अशा गोष्टींपासून आणि वर्दळीच्या वाटेपासून दूर, स्थिर टेबलावर ठेवावी. पहिल्या आठवड्यात काचेच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला तर फारच उत्तम.

मात्र स्थिरावण्याचा खरा पाया तापमान हा आहे, आणि बहुतेक गडबड तिथेच होते. साप शरीराची उष्णता आतून तयार करत नाही. पचन, रोगप्रतिकार, हालचाल हे सारे तो किती उबदार जागी बसला आहे यावर चालते. त्यामुळे त्याला एकच ‘योग्य’ तापमान पुरत नाही, तर एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा असा उतार लागतो. कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी अमेरिकी सापासाठी उबदार टोक साधारण 29 ते 31 अंश सेल्सिअस आणि गार टोक 22 ते 24 अंश, तर बॉल पायथनसाठी उबदार टोक 31 ते 33 आणि गार टोक 25 ते 27 अंशांच्या आसपास असावे. उष्णतेचे साधन कोणतेही असो, ते थर्मोस्टॅटला जोडलेलेच हवे. नियंत्रण नसलेली तापपट्टी आणि तापवले जाणारे कृत्रिम दगड यांमुळे सापाला गंभीर भाजण्याच्या घटना पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातल्या आहेत. काचेवर चिकटवायचा गोल तापमापक दिसायला छान असला तरी तो फक्त काचेजवळच्या हवेचे तापमान सांगतो. साप ज्या पृष्ठभागावर पोट टेकतो तिथे संवेदक ठेवलेला डिजिटल तापमापक वापरावा आणि साप आणण्यापूर्वी एक-दोन दिवस पेटी चालू ठेवून आकडे स्थिर होतात का, ते पाहावे.

तापमानाइतकीच लपण्याची जागा महत्त्वाची आहे, आणि ती एक असून चालत नाही. पेटीत एकच आडोसा असेल आणि तो गार टोकाला असेल, तर घाबरलेला साप ऊब सोडून तिथेच बसून राहतो. आठवडाभर असे बसल्यावर त्याचे पचन मंदावलेले असते आणि आपल्याला मात्र तो ‘हट्टी’ वाटतो. त्यामुळे उबदार आणि गार अशा दोन्ही टोकांना प्रत्येकी एक आडोसा हवा. तो प्रशस्त नसावा. वेटोळे घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतींना टेकतील इतकाच तो असावा, कारण अंगाला सर्व बाजूंनी स्पर्श जाणवला की सापाला सुरक्षित वाटते. लहान सापाला मोठ्या पेटीत भीती वाटते असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते दोष पेटीच्या आकाराचा नसून तिच्यातील मोकळेपणाचा असतो. फांद्या, पानांचा आडोसा आणि सालींचे तुकडे घालून मधली मोकळी जागा भरली, तर पिलूही मोठ्या पेटीत आरामात वावरते. सापाला अंग सरळ ताणता येईल इतकी लांबी पेटीत असावी.

आर्द्रतेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर कॉर्न स्नेकला 40 ते 50 टक्के आणि बॉल पायथनला 55 ते 70 टक्के पुरते. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांत निघते आणि डोळ्यांवरचे पारदर्शक खवले अडकून राहू शकतात. डोळे दुधाळ-निळसर दिसू लागले की साप कात टाकण्याच्या तयारीत असतो. त्या काळात त्याला नीट दिसत नाही, तो बिथरतो आणि बहुधा खातही नाही. मग आणल्यावर लगेच हे घडले, तर उपवासाचे कारण तेवढेच असते.

पहिला घास साधारण आठवड्यानंतर द्यावा. आधी गोठवलेला आणि नंतर फ्रीजमध्ये पूर्ण वितळवून कोमट पाण्यात गरम केलेला उंदीर जिवंत भक्ष्यापेक्षा सुरक्षित असतो, कारण कोंडलेला उंदीर सापाला गंभीर चावे घेऊ शकतो. मायक्रोवेव्हमध्ये तो कधीही गरम करू नये. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी पुरते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे त्याला थंड उंदीर भक्ष्य वाटतच नाही. तो शरीराच्या तापमानाइतका, म्हणजे 38 अंशांच्या आसपास गरम करून चिमट्याने संध्याकाळी पुढे करावा. सापाने नाकारले तर तो काढून टाकावा आणि पुन्हा आठवडाभर थांबावे. रोज उंदीर नाचवून दाखवणे हाही सापासाठी त्रासच आहे.

खाल्ल्यानंतर किमान 48 तास सापाला हात लावू नये. साप गिळतो तेव्हा त्याच्या शरीरात मोठी उलथापालथ सुरू होते. ब्रह्मी अजगराच्या लहान आतड्याचे वजन भक्ष्य गिळल्यानंतर दोनेक दिवसांतच जवळजवळ दुप्पट होते आणि प्राणवायूची गरज कित्येक पटींनी वाढते. या काळात हाताळले किंवा पेटी गार पडली, तर साप भक्ष्य ओकून टाकतो. अन्ननलिकेला त्याने इजा होते, म्हणून ओकल्यानंतर दहा ते चौदा दिवस विश्रांती देऊन मगच लहान भक्ष्य द्यावे.

सापाने सलग दोन-तीन वेळा नीट खाल्ले, की हाताळायला सुरुवात करता येते. आधी पाच मिनिटे, तीही दोन-तीन दिवसांआड. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये, कारण आकाशातून येणारी सावली सापाच्या लेखी शिकारी पक्ष्याची असते. बाजूने हात न्यावा, अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करावा आणि मग दोन्ही हातांनी पूर्ण शरीराला आधार द्यावा. हाताला उंदराचा वास नसावा. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणारे सरपटणारे प्राणीही साल्मोनेला जिवाणू बाळगू शकतात. मान इंग्रजी ‘एस’सारखी आखडणे, फुत्कारणे, शेपटी थरथरवणे किंवा गुंडाळीत डोके खुपसून बसणे म्हणजे साप अजून तयार नाही. जीभ शांतपणे, लांब लांब हेलकावे घेत बाहेर येत असेल आणि साप हातावरून सावकाश सरकत असेल, तर त्याला भीती वाटत नाही असे समजावे. साप आपल्यावर प्रेम करू लागला असे मात्र यावरून ठरवू नये. आपला स्पर्श धोक्याचा नाही, एवढेच तो शिकलेला असतो.

उपवास कधी चिंतेचा, हे वजनावरून ठरते. पूर्ण वाढलेला बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो आणि तरी त्याचे वजन फारसे घटत नाही. पिलांना ही मुभा नसते. दोन आठवड्यांतून एकदा वजन नोंदवावे, आणि ते सुरुवातीच्या दहा टक्क्यांहून अधिक घटले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडातून बुडबुडे येणे, मान मागे वळून तशीच राहणे, अशी लक्षणे दिसली तर वजनाची वाटही पाहू नये. जंगलातून पकडलेले साप परजीवी आणि जखमा घेऊन येतात, क्वचितच नीट स्थिरावतात आणि अनेक ठिकाणी ते बाळगणे हा गुन्हाही आहे. त्यामुळे बंदिवासात जन्मलेला आणि आधीच गोठवलेले भक्ष्य खाणारा साप निवडणे हाच निम्मा उपाय ठरतो.

घरात आधीचा साप असेल तर नव्याला किमान एक ते तीन महिने दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि दोघांची चिमटे, पाण्याची भांडी वेगळी ठेवावीत. खवल्यांच्या कडांना किंवा पाण्याच्या भांड्यात मोहरीहूनही बारीक काळे ठिपके हलताना दिसले, तर ते रक्त पिणारे माइट असतात आणि ते एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सहज पोहोचतात. या काळात आधी जुन्या सापाची सगळी कामे आटोपावीत आणि नव्याच्या पेटीला शेवटी हात लावावा.