क्लबचा पाठिंबा: जाहीर केलेला आणि निभावलेला

फुटबॉलमध्ये संघ ओळीने चार-पाच सामने हरला की क्लबचं निवेदन ठरलेलं: प्रशिक्षकावर आमचा पूर्ण विश्वास आहे. जुने चाहते ते वाचून निश्चिंत होत नाहीत, उलट धास्तावतात, आणि त्याला कारण आहे. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी इंग्लंडच्या चेल्सी क्लबने प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांना पूर्ण पाठिंबा असल्याचं जाहीर केलं. १७ डिसेंबरला ते क्लबबाहेर होते. लेस्टर सिटीने ७ फेब्रुवारी २०१७ रोजी क्लॉडिओ रानिएरी यांच्या मागे आपण ठाम उभे आहोत असं सांगितलं आणि २३ फेब्रुवारीला त्यांना काढलं. याच माणसाने लेस्टरला इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद मिळवून दिलं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

अशी निवेदनं खोटीच असतात असं मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्यांना त्या दिवशी तसं खरंच वाटतही असेल. पण निवेदनाचं काम वेगळं असतं. पत्रकारांचे प्रश्न थांबवायचे, खेळाडूंना ‘प्रशिक्षक जाणार’ या चर्चेपासून लांब ठेवायचं, पुढच्या सामन्यापर्यंत वेळ काढायचा. त्यासाठी क्लबला काहीच मोजावं लागत नाही. निभावलेल्या पाठिंब्याला मात्र किंमत पडते. कधी ती पैशांत असते, कधी लाडक्या खेळाडूच्या नाराजीत, तर कधी गुणतक्त्यातल्या घसरणीत. म्हणून मी निवेदनातली विशेषणं मोजत नाही. या पाठिंब्यापायी क्लबने काय सोसलं, एवढंच शोधतो.

आर्सेनलचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकून दिली, पण लीगमध्ये संघ लागोपाठ दोन हंगाम आठवा आला. ऑगस्ट २०२१ मध्ये तर पहिले तिन्ही सामने गेले, एकही गोल झाला नाही, नऊ खाल्ले, आणि संघ तळाला. तोवर क्लबने त्या उन्हाळ्यात बेन व्हाइट, मार्टिन ओडेगार्ड, आरोन रॅम्सडेल अशा तरुण खेळाडूंवर मोठा पैसा लावला होता. तरी माझ्या मते खरी परीक्षा पैशांची नव्हती. ती डिसेंबरमध्ये झाली. कर्णधार पिएर-एमेरिक ऑबामेयांग याचं कर्णधारपद शिस्तभंगावरून काढून घेतलं गेलं. क्लबमधल्या सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी तो एक. सप्टेंबर २०२० मध्येच त्याच्याशी नवा करार झालेला, सर्वाधिक गोलही त्याच्याच नावावर असायचे. अशा वेळी मालकाने प्रशिक्षकाला बाजूला घेऊन ‘जरा समजुतीने घ्या’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ड्रेसिंग रूमला अधिकार कुणाचा ते बरोबर कळतं. आर्सेनलने तसं केलं नाही. करार बाकी असताना त्याला बार्सिलोनाला मोफत जाऊ दिलं आणि नुकसान स्वतः सोसलं. पुढच्या हंगामात संघ दुसरा आला.

म्हणजे खेळाडू विकत घेऊन दिले की पाठिंबा दिला, हेही पुरेसं नाही. लेस्टरने २०१६ च्या उन्हाळ्यात इस्लाम स्लिमानीसाठी तोवरची क्लबची विक्रमी रक्कम मोजली होती. पण त्याच उन्हाळ्यात एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला, आणि सहाय्यक व खेळाडूशोधाचे प्रमुख असलेले स्टीव्ह वॉल्श एव्हर्टनला गेले. हे क्लबने मुद्दाम केलं नव्हतं. तरी रानिएरी यांच्या पायाखालची जमीन फेब्रुवारीच्या निवेदनाच्या कितीतरी आधीच सरकली होती. सहाय्यक, फिटनेस प्रशिक्षक, विश्लेषक, फिजिओ यांची नावं निवेदनात कधी येत नाहीत. मुख्य प्रशिक्षक गेला की बहुतेक वेळा त्यांचंही सामान बांधलं जातं. व्यवस्थापन या माणसांना कसं वागवतं, फिजिओने ‘अजून नको’ म्हटलेल्या खेळाडूला उतरवण्याचा आग्रह वरून होतो का, नाराज खेळाडू प्रशिक्षकाला डावलून थेट मालकाकडे जाऊ शकतो का, यावरून जितकं कळतं तितकं कुठल्याच पत्रकार परिषदेतून कळत नाही.

करार वाढवला म्हणजे विश्वास, हा समज तर सोडूनच द्यावा. मँचेस्टर युनायटेडने जुलै २०२४ मध्ये एरिक टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं.

माझी ही कसोटी सगळीकडे चालते असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये बायर्न म्युनिकने गोलरक्षक प्रशिक्षक टोनी तापालोविच यांना काढलं. ते कर्णधार मानुएल नॉयर याचे जवळचे मित्र होते. नॉयरने मुलाखतीत आपलं दुःख उघडपणे बोलून दाखवलं. क्लबने मुख्य प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांची बाजू घेतली, तीही कर्णधाराला दुखवून. यापेक्षा महागडा पाठिंबा कोणता? पण मार्चमध्ये नागेल्समान यांनाच घरी पाठवलं, तेही संघ अग्रस्थानापासून अवघा एक गुण मागे असताना. किंमत मोजली, पण टिकवलं नाही.

टिकवणं कसं असतं ते पाहायचं तर जर्मनीतलाच फ्रायबुर्ग बघा. तिथे फोल्कर फिंके १९९१ ते २००७ प्रशिक्षक होते, आणि त्या काळात संघ तीनदा खालच्या श्रेणीत गेला. २०१५ मध्ये ख्रिस्टियान श्ट्राइख यांच्या हाताखालीही तेच झालं. अशी घसरण झाली की प्रक्षेपणाचं उत्पन्न आटतं, चांगले खेळाडू निघून जातात, आणि बहुतेक क्लब पहिला बळी प्रशिक्षकाचा देतात. फ्रायबुर्गने श्ट्राइख यांना ठेवलं. वर्षभरात संघ दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन परतला आणि २०२२ मध्ये जर्मन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. श्ट्राइख २०२४ मध्ये गेले ते स्वतःच्या निर्णयाने. त्यांची जागा युलियान शुस्टर यांनी घेतली. ते क्लबचे माजी कर्णधार, आणि आधीपासून तिथल्याच प्रशिक्षक मंडळींमध्ये काम करणारे.