फोर्ज पिस्टन टाकला की टू-स्ट्रोक सीझ (जाम) होत नाही?

डर्ट बाईकवाल्यांच्या ग्रुपवर हे कायम फिरत असतं: "कास्ट पिस्टन म्हणजे स्वस्तातला माल, फोर्ज टाका, इंजिन कधी जाम होणार नाही." कास्ट म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला, फोर्ज म्हणजे दाबून घडवलेला. अर्धं खरं आहे म्हणून पटतं. फोर्ज पिस्टन चिवट असतो, तो सहसा तुकडे होऊन क्रँककेसमध्ये पडत नाही. पण जाम होणं ही वेगळीच भानगड आहे.

पिस्टन तापला की फुगतो. कास्टमध्ये सिलिकॉन बहुतेक वेळा जास्त असतं म्हणून तो कमी फुगतो, बरेचसे फोर्ज जास्त फुगतात, म्हणून त्यांना सिलिंडरमध्ये जागाही जास्त सोडावी लागते, आणि कास्टच्या मापाच्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) फोर्ज बसवून थंड इंजिनलाच पिळलं तर तोच आधी पकडतो. कितीतरी जपानी टू-स्ट्रोकमध्ये कंपनीतूनच कास्ट येतो, तो काय उगाच?

खात्री करायची तर पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या) काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भिंतीवर) मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या उंचीवर. मग बोअर गेजने सिलिंडर वर-मध्ये-खाली, दोन्ही दिशांनी. वजा करा आणि आकडा पिस्टनसोबतच्या कागदाशी जुळवा, जुन्या पिस्टनच्या आकड्याशी नको. फीलर गेजवर (फटीत घालून बघायच्या पातळ पट्ट्यांवर) मी तरी विसंबत नाही.

आणि हो, निकासिल सिलिंडर (आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग केलेला) असेल तर ओव्हरसाईझ (मोठ्या मापाच्या) पिस्टनसाठी नुसतं बोअर करून चालत नाही, प्लेटिंग परत करावं लागतं.