1347 साली धान्यासोबत आलेला प्लेग

ऑक्टोबर 1347 मध्ये इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांची जहाजं सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली. खलाशांच्या काखेत, जांघेत गाठी आल्या होत्या. मेसिनाकरांनी जहाजं हाकलून दिली, पण तोवर रोग गावात शिरला होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. काही अभ्यासकांच्या मते निम्मी.

मध्ययुगीन शहरं घाणेरडी होती म्हणून प्लेग पसरला, हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. मला ते फार अपुरं वाटतं. घाण तर आधीही होतीच, तरी आठव्या शतकानंतर जवळपास सहाशे वर्षं युरोपात प्लेगची मोठी साथ आली नव्हती. फरक पडला तो व्यापाराने. काळ्या समुद्रावरच्या काफा बंदरात जिनोआची वसाहत होती. मंगोल फौजांनी तिला वेढा घातला आणि त्यांच्याच छावणीत प्लेग फुटला. त्यांनी प्रेतं तटावरून आत फेकली, ही गोष्ट खूप गाजली. मात्र ती लिहून ठेवणारा गाब्रिएले दे मुसिस तेव्हा काफात नव्हताच. माझ्या मते धान्याचा मुद्दा जास्त वजनदार आहे. इटलीत पिकं बुडाली होती, लोक उपाशी होते, आणि 1347 मध्ये काळ्या समुद्राकडून धान्य पुन्हा येऊ लागलं. धान्य म्हटलं की उंदीर आले आणि उंदरांबरोबर पिसवा.

खरी करामत या पिसवेच्या पोटात घडते. आजारी उंदराचं रक्त प्यायल्यावर येर्सिनिया पेस्टिस हा प्लेगचा जिवाणू तिच्या जठराच्या तोंडाशी चिकट थर धरून वाढतो आणि वाट बुजवून टाकतो. पिसू रक्त ओढते, पण ते खाली उतरत नाही. भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी तुंबलेलं रक्त जिवाणूंसकट जखमेत उलटतं. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. आपल्याकडे उंदीर पडू लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत, ते याच अनुभवातून.

पिसवेचा हा दुवा दाखवून दिला तो 1896 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या साथीच्या काळात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत पिसवा असलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. तरीही दुसरा उंदीर प्लेगनेच मेला.

युरोपातला वेग मात्र एकट्या उंदरांनी उलगडत नाही. 1348 मध्येच साथ लंडनला पोचली. फ्रान्समधल्या अविन्योंमध्ये पोपचे वैद्य गी द शोलियाक यांनी रोगाचे दोन प्रकार नोंदवले: एकात गाठी, दुसऱ्यात रक्ताच्या थुंक्या. हा दुसरा प्रकार फुप्फुसांचा, खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाला होणारा. माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवांनीही रोग पसरवला असावा, असं अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे.

पॅरिसच्या वैद्यांनी शनी, गुरू आणि मंगळ यांच्या युतीला दोष दिला. स्ट्रासबुर्गमध्ये फेब्रुवारी 1349 मध्ये साथीचा आळ घेऊन शेकडो निरपराध ज्यूंना जिवंत जाळलं. रोगाच्या वाटेवर नेमकं बोट ठेवलं ते एड्रियाटिक समुद्रावरच्या द्युब्रोव्हनिक या बंदराने. पिसवेबद्दल काहीच ठाऊक नसताना 1377 मध्ये तिथे कायदा झाला की, साथीच्या गावाहून येणाऱ्याने आधी 30 दिवस शहराबाहेर राहायचं. पुढे बऱ्याच बंदरांत हा मुक्काम 40 दिवसांचा झाला.