पार्श्वभूमी : पित्ताची गोळी आणि पोटातला अल्सर

जठरातलं ॲसिड कमी करणाऱ्या गोळीला आपल्याकडे सरसकट ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. पित्त हा शब्द आयुर्वेदातून घराघरांत आला, पण डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते यकृतात तयार होतं आणि ही गोळी त्याला हातही लावत नाही. तिचा मामला जठरातल्या ॲसिडशी. दुसरा समज असा, की ही गोळी अल्सर भरून काढते. तसंही नाही. जखम भरतं ते पोटच. जठराचं अस्तर काही दिवसांत नव्याने तयार होत असतं, त्याला फक्त उसंत हवी असते. ॲसिड एकदा कमी झालं, की मांस पचवणारं पेप्सिनही थंडावतं, कारण ॲसिडशिवाय त्याचं काही चालत नाही. ही उसंत मिळवून द्यायची कशी, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षं गेली.

पोटात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, हे लंडनच्या विल्यम प्राउटने 1824 मध्ये दाखवलं. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कातडीशी जुळून गेलं आणि कायमचं उघडं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी या खिडकीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून ते आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचे : किती विरघळलं? त्या बिचाऱ्याला हे सगळं किती नकोसं झालं असेल! पण 1833 मध्ये बोमाँट यांची निरीक्षणं छापून आली आणि पचन हे मुख्यतः रसायनाचं काम आहे, हे पक्कं झालं.

पुढे 1910 मध्ये झाग्रेबचे सर्जन कार्ल श्वार्झ यांनी सूत्र मांडलं : ॲसिड नाही, तर अल्सर नाही. मग ॲसिड मारायचं कसं? शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांचा 1915 चा उपाय म्हणजे दर तासाला दूध आणि साय, मधल्या वेळेत खाण्याच्या सोड्यासारख्या अल्कली पुड्या. रोग्याला बरं वाटायचंही. पण पुडी आधी तयार झालेलं ॲसिड मारते, पुढचं तयार व्हायचं थांबवत नाही, आणि दुधातल्या प्रथिनांनी व कॅल्शियमने पोट उलट जास्त ॲसिड सोडतं. ज्यांना हे पुरेना त्यांच्यासाठी सुरी होतीच. जठराचा मोठा भाग कापून टाकायचे. 1943 पासून लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी ॲसिडचा हुकूम पोहोचवणारी व्हेगस नस कापायची पद्धत रुजवली. एका लहानशा जखमेसाठी निम्मंअधिक जठर गमावणं ही त्या काळी नेहमीची गोष्ट होती.

वळण आलं ते ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्यामुळे. शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाने ॲसिड वाढतं हे ठाऊक होतं, पण सर्दी-खाजेवरच्या हिस्टामिनविरोधी गोळ्या पोटात काहीच करत नव्हत्या. म्हणजे हिस्टामिन पोटात ज्याला लागू पडतं ते कुलूप वेगळं असणार, असं ब्लॅक यांनी ताडलं. स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत 1964 पासून ते कुलूप अडवायला शेकडो रेणू करून पाहिले गेले. बुरिमामाइड 1972 मध्ये जाहीर झालं, पण तोंडाने घेतलं तर पुरेसं लागू पडेना. मेटियामाइडने काही रोग्यांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या. शेवटी सिमेटिडिन जमलं आणि 1976 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं. सर्जनांच्या टेबलावरचे अल्सरचे रोगी भराभर कमी झाले. ग्लॅक्सोचं रॅनिटिडिन 1981 मध्ये आलं. आपल्या पिढीच्या घरातल्या डब्यात ते हमखास असायचं. पुढे त्यात एनडीएमए हे घातक द्रव्य सापडलं आणि 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते 2022 मध्ये वगळलं गेलं.

पण हिस्टामिन हा ॲसिडला मिळणारा एकच इशारा. शेवटी ॲसिड बाहेर टाकतो तो पेशीतला प्रोटॉन पंप. स्वीडनच्या ॲस्ट्रा कंपनीचं ओमेप्राझोल 1988 मध्ये आलं आणि त्याने थेट पंपच बंद केला. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत खसखशीसारखे बारीक दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर लेप असतो, कारण हे औषध जठरातल्या ॲसिडमध्ये टिकत नाही. ते आतड्यात विरघळतं, रक्तातून फिरून ॲसिड करणाऱ्या पेशीपर्यंत येतं आणि तिथल्या ॲसिडमध्येच जागं होऊन पंपाला कायमचं चिकटतं. पंप चालू असेल तरच ते चिकटतं. जेवणाने पंप चालू होतात, म्हणून ‘जेवणाआधी अर्धा तास’. जेवून उठल्यावर गोळी घेणारे बराच फायदा असाच वाया घालवतात. एरवी लहान आतड्याच्या तोंडाशी असलेला अल्सर साधारण चार आठवड्यांत भरतो, जठरातला आठेक आठवडे घेतो.

तरीही एक कोडं राहिलंच होतं. गोळ्या बंद केल्या की वर्षभरात बहुतेकांचा अल्सर परत यायचा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला रॉबिन वॉरन यांना रोग्यांच्या जठरात वाकडे जंतू दिसत होते. बॅरी मार्शल ते वाढवू पाहत होते, पण बशा दोन दिवसांत फेकल्या जायच्या. 1982 च्या ईस्टरच्या सुटीत त्या तशाच राहिल्या आणि पाचव्या दिवशी जंतू उगवलेले सापडले. अल्सर या जंतूंमुळे होतो हे लोकांना पटेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. ब्लॅक यांना ते 1988 मध्येच मिळालं होतं.

त्यामुळे ॲसिडची गोळी मोडीत निघाली असं मात्र झालं नाही. हेलिकोबॅक्टर, म्हणजे हाच वाकडा जंतू, सापडला की दोन आठवडे अँटिबायोटिक देतात, आणि सोबत तीच गोळी, बहुधा दिवसातून दोनदा. ॲसिड उतरलं की अँटिबायोटिक जास्त टिकतात. शिवाय सुस्त पडलेले जंतू वाढीला लागतात, आणि वाढणारा जंतू मारणं सोपं असतं. दुखण्याच्या गोळ्यांनी झालेल्या अल्सरमध्ये जंतू नसेलही. तिथे आधी ती दुखण्याची गोळी बंद करायची आणि पंप आवरून धरायचा.