विश्वाचा मध्य शोधायचाय? आधी इलॅस्टिक ताणून बघा

महास्फोट झाला, मग तो नेमका कुठे झाला? या प्रश्नात एक गृहीत लपलेलं आहे: आधी रिकामी जागा होती आणि तिच्या एका कोपऱ्यात काहीतरी फुटलं. प्रत्यक्षात प्रसरण जागेचंच होतं आहे, आणि ते सगळीकडे.

तुळशीबागेतून अर्धा इंच रुंदीचं नवं इलॅस्टिक आणा. जुनं नको, ते कुठे जास्त ताणतं, कुठे कमी, आणि मापं चुकतात. 30 सेंटीमीटरचा तुकडा कापून दर 2 सेंटीमीटरवर दोऱ्याची गाठ मारा. पेनाची खूण चालणार नाही, कारण ती इलॅस्टिकबरोबर स्वतःही पसरते. इथे इलॅस्टिक म्हणजे जागा आणि गाठी म्हणजे दीर्घिका, ताऱ्यांचे प्रचंड समूह. दीर्घिका तशा पसरत नाहीत, गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवतं. आता शेजारच्या गाठींमध्ये 3 सेंटीमीटर अंतर पडेपर्यंत ताणा. कोणत्याही गाठीपासून मोजा: 2 वरची गाठ 3 वर गेली, 4 वरची 6 वर, 6 वरची 9 वर. म्हणजे जितकी लांब, तितकी जास्त सरकली. दुसऱ्या गाठीपासून मोजलंत तरी आकडे तेच. इलॅस्टिकला टोकं आहेत म्हणून मध्य आहे. विश्वाला अशी कड असल्याचं कोणत्याही निरीक्षणात दिसलेलं नाही.

आकाशातलं माप असं: दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 70 किलोमीटरने वाढतो. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी 1929 मध्ये वेग आणि अंतराचं हे नातं दाखवलं. त्यांचा आकडा मात्र सुमारे 500 होता, कारण अंतरंच फार कमी मोजली गेली होती. देवयानी दीर्घिका अवघ्या 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथे आपसातली ओढ प्रसरणाला पुरून उरते, म्हणून ती उलट आपल्याकडेच येते आहे.

वाटेत जागा ताणली जाते तशी प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. हायड्रोजनची रेडिओलहर मुळात 1420 मेगाहर्ट्झची. नारायणगावजवळ खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. विश्व आजच्या निम्म्या आकाराचं असताना निघालेल्या या लहरीची तरंगलांबी दुप्पट, म्हणून वारंवारता निम्मी होते, आणि ती त्यांना 710 मेगाहर्ट्झवर शोधावी लागते. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की 2020 मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 7,653 दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, तेव्हा कुठे सरासरी हायड्रोजन मोजता आला.

काळाचंही तसंच. विश्व निम्म्या आकाराचं असतानाचा अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, तिथे 20 दिवसांत मंदावला, तर आपल्याला ते 40 दिवस दिसतं. तिथलं घड्याळ मात्र मंद नसतं. पहिल्या दिवसाच्या प्रकाशापेक्षा शेवटच्या दिवसाच्या प्रकाशाला जास्त ताणलेली वाट तुडवावी लागते, एवढंच.

'दृश्य विश्वाला' मात्र केंद्र आहे: बघणारा. आपल्याभोवती सुमारे 4,600 कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचा गोल. देवयानीतल्या निरीक्षकाचा गोल वेगळा, आणि त्याच्या मध्यभागी तो.