‘मळी’ म्हणजे नेमकं काय? पंचगंगेच्या वादामागचा एक शब्द

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात दर दोन-तीन वर्षांनी तेच घडतं. पहाटे पंचगंगा नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, दिवस वर येईपर्यंत त्यांचा पांढरा थर काठाला लागतो. बंधाऱ्यामागचं पाणी काळपट तपकिरी झालेलं असतं आणि त्याला करपलेल्या गुळासारखा आंबूस वास येतो. मग गाव म्हणतं, ‘मळी सोडली.’ निवेदनात तेच लिहिलं जातं, बातमीतही तेच येतं. कारखान्याकडून खुलासा येतो की आमच्याकडून मळी सोडली गेलेली नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. या वादाची निम्मी गुंतागुंत इथेच आहे.

परवान्यांच्या आणि हिशोबाच्या भाषेत मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, घट्ट पाक. १ टन उसामागे तो साधारण ४० ते ४५ किलो निघतो. त्यापासून अल्कोहोल बनतं, म्हणून त्याची साठवण आणि वाहतूक परवान्याशिवाय होत नाही, टाक्यांचा हिशोब ठेवावा लागतो. हा विकाऊ माल आहे. टाकी फुटण्यासारखा अपघात सोडला तर कुठलाही कारखाना तो नदीत ओतणार नाही. ‘मळी सोडलेली नाही’ हा खुलासा या अर्थाने बहुतेक वेळा खरा ठरतो.

शेतकऱ्याच्या बोलण्यात मळी म्हणजे वेगळीच वस्तू. रस गाळताना मागे राहणारा मऊ, तपकिरी गाळ, म्हणजे कारखान्याच्या कागदावरचा प्रेसमड. ट्रॉलीने आणून तो रानात पसरतात. ‘यंदा दोन ट्रॉल्या मळी टाकली’ असं कोणी सांगितलं तर तो खताबद्दल बोलत असतो.

नदीकाठच्या माणसाची मळी तिसरी. पाकाची मळी आंबवून अल्कोहोल काढल्यावर आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, जे लालसर काळं, गरम पाणी उरतं ते, म्हणजे स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे ते ८ ते १५ लिटर निघतं. मासे मारायची ताकद या मळीत आहे. पाण्यातला सेंद्रिय मैला कुजताना किती प्राणवायू खाईल याचं माप म्हणजे बीओडी. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये हा आकडा ४० हजारांच्या पुढे असतो. नुसतं पाणी मिसळून तो मर्यादेत आणायचा म्हटलं तर एका लिटरला तेराशे-चौदाशे लिटर स्वच्छ पाणी लागेल. हिवाळ्यात पंचगंगेत तेवढं पाणी वाहतं असतं तर गोष्ट वेगळी होती.

गोंधळ वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे या मळ्या एकमेकींत मिसळल्याही जातात, आणि तेही कायदेशीरपणे. स्पेंटवॉशची विल्हेवाट लावण्याची एक मान्य पद्धत म्हणजे तो प्रेसमडच्या लांब ढिगांवर फवारून कंपोस्ट करणं. २००३ मध्ये केंद्राच्या पातळीवर उद्योगांसाठी जो कृतिआराखडा ठरला, त्यात आसवन्यांनी स्पेंटवॉश पूर्णपणे वापरून संपवावा असं धोरण होतं. कंपोस्ट, आटवून जाळणं अशा वाटा त्यात होत्या. कागदावर त्यामुळे आसवनीतून थेंबही बाहेर जायला नको. प्रत्यक्षात ढीग उघड्यावर असतात आणि साठवण तळी भरतात. अवकाळी पाऊस झाला की ओढ्यातून जे येतं, त्याला खत म्हणायचं, पाऊस म्हणायचं की मळी म्हणायचं, यावर पंचनाम्याच्या वेळी वाद होतो. तोवर पाणी पुढे गेलेलं असतं.

साखर कारखान्याचं स्वतःचं सांडपाणी हा चौथा प्रकार. धुण्याचं, तेलकट, साखरेचा अंश असलेलं हे पाणी गावाच्या लेखी मळीच असतं. त्याच्यासाठी २०१६ मध्ये वेगळे निकष आले, गाळलेल्या टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी नको असं ठरलं. त्यामुळे नुसत्या ‘मळी’ शब्दावर दिलेला अर्ज तपासणाऱ्याने कुठल्या निकषावर पारखायचा, हा प्रश्न खरा आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे: शब्द चुकला म्हणून तक्रार चुकत नाही. ज्याच्या विहिरीला वास येतोय त्याने रसायनशास्त्राचं नाव सांगावं ही अपेक्षाच गैर आहे. नाव शोधण्याचं काम तपासणाऱ्याचं.

पाणी अडतं कुठे, हे समजून घेतल्याशिवाय मासे नेमके त्याच दिवशी का मरतात ते कळत नाही. पंचगंगेवर राजारामपासून शिरोळपर्यंत कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि नदीची तळ्यांची माळ होते. वरच्या ओढ्यानाल्यांतून आलेलं सगळं बंधाऱ्यामागे साचत, कुजत राहतं. मग कधी वरून धरणाचं पाणी येतं, कधी बरगे काढले जातात, आणि साचलेला काळा पट्टा एकदम खाली सरकतो. मासे मरतात ते त्या पट्ट्यात सापडून. घाण मात्र कित्येक दिवस आधीची आणि कित्येक मैल वरची असू शकते.

कायद्याचा इतिहास तसा जुना आहे. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राचा आला १९७४ मध्ये. २००० साली नदीपासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव करणारं राज्याचं धोरण आलं, २००९ मध्ये त्यात बदल झाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्दच केलं गेलं. सांडपाण्यासाठी इतर कायदे पुरेसे आहेत, असं समर्थन झालं. पंचगंगेच्या काठाला ते पुरेसे पडल्याचं दिसलेलं नाही. पुढे २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (सगळी साखर काढून न घेता बाजूला ठेवलेला पाक) आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. आसवनी हा कारखान्याचा जोडधंदा राहिला नाही, अनेक ठिकाणी ताळेबंद तिच्यावर उभा राहू लागला.

सगळा दोष साखरेच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. कोल्हापूर शहराचं मैलापाणी जयंती नाल्यातून वर्षानुवर्षं थेट नदीत येत होतं. मोठं प्रक्रिया केंद्र उभं राहिल्यावरही नाला तुंबून सांडव्यावरून वाहिल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. खाली इचलकरंजी. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि गावाचं नशीब पालटलं. त्या मागांमागून सुताला खळ लावणारी सायझिंग आली, मग प्रोसेस हाऊस. कापड धुवायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं म्हणजे कॉस्टिक आणि रंग आलेच. काळ्या ओढ्यातून येणारं पाणी त्या दिवशीच्या रंगाचं असायचं. गावकरी त्याला मळी म्हणत नाहीत, ‘केमिकलचं पाणी’ म्हणतात. तिथे निदान शब्दाचा घोळ नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, अनेकांचा जीव गेला. त्यानंतर पंचगंगेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, समित्या झाल्या, नमुन्यांच्या तारखा ठरल्या. शहराने मात्र आपल्या नदीचं पाणी प्यायची आशा त्याच्या आधीच सोडायला सुरुवात केली होती. मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं, ती जलवाहिनी वारंवार फुटत राहिली. मग वारणेवर दानोळीहून योजना ठरली, तिथल्या गावांनी रस्त्यावर उतरून ती अडवली. मग दूधगंगेवर कागल तालुक्यातल्या सुळकूडहून ठरली, तिथेही विरोध उभा राहिला. इचलकरंजीत पाण्याच्या टँकरमागे घागरी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांची त्यात काहीच चूक नाही. दूधगंगेकाठच्या शेतकऱ्याची भीतीही खोटी नाही. तो विचारतो, तुमच्या उशाशी नदी आहे, तिचं काय केलंत? पंचगंगा शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर वाहते.