इलेक्ट्रॉनिक इंग्रजी शब्दकोश आणि त्यातील नोंद

संगणकावर, मोबाइलवर किंवा स्वतंत्र उपकरणावर शब्द टाइप करून पाहता येणारा इंग्रजीचा कोश. पाने उलटत शब्द गाठण्याचे कष्ट त्याने संपवले. गाठलेली नोंद वाचण्याचे काम मात्र वाचकाकडेच राहिले, आणि तेच बहुधा अर्धवट सुटते. पहिला अर्थ दिसला की कोश मिटला जातो. खरे तर नोंदीतला प्रत्येक अंक, प्रत्येक चिन्ह आणि प्रत्येक तिरपे अक्षर विचार करून त्या जागी ठेवलेले असते.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि मूळ काम १९२८ मध्ये पुरे झाले. १९८० च्या दशकात हा सारा मजकूर संगणकात भरला गेला. त्यातून १९८९ मध्ये २० खंडांची दुसरी आवृत्ती छापली गेली, १९९२ मध्ये ती सीडीवर आली आणि २००० पासून कोश इंटरनेटवर आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांची परंपरा वेगळी आहे. लाँगमन या प्रकाशनसंस्थेच्या १९७८ च्या कोशाने अर्थ सांगण्यासाठी सुमारे २,००० सोप्या शब्दांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेल्या ‘कोबिल्ड’ या कोशाने १९८७ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड संग्रह, म्हणजे कॉर्पस, संगणकात साठवायचा आणि शब्दाचा अर्थ त्यातून शोधायचा, ही त्याची पद्धत आज बहुतेक कोशांनी स्वीकारली आहे.

या दोन परंपरांमधला फरक कळण्यासाठी ‘नाइस’ हा एकच शब्द पुरे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात. तिथे ‘नाइस’चा सर्वांत आधीचा अर्थ ‘मूर्ख, अडाणी’ असा मिळतो, कारण शब्दाचे मूळ ‘न जाणणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. शिकणाऱ्यांच्या कोशात अर्थ साधारणपणे वापराच्या प्रमाणात लावतात, म्हणून तिथे ‘छान’ पहिला. दोन्ही कोश बरोबरच आहेत. पण क्रमाचे तत्त्व ठाऊक नसलेला वाचक पहिल्या कोशातून भलताच अर्थ उचलून नेईल. म्हणून नवा कोश हाती घेतला की त्याची प्रस्तावना किंवा मदतीचे पान आधी वाचावे. इतका उपयोगी आणि इतका दुर्लक्षित मजकूर कोशात दुसरा नाही.

नोंद ज्या रूपाखाली असते त्याला शीर्षशब्द म्हणतात. ‘वेंट’ टाइप केले तर चांगला कोश ‘गो’च्या नोंदीकडे नेतो. ‘लेफ्ट’ टाइप केल्यावर मात्र जपून राहावे. ‘डावा’ हा अर्थ लगेच समोर येतो, पण हेच ‘लीव्ह’ या क्रियापदाचे भूतकाळी रूपही आहे, आणि वाक्यातला शब्द बहुतेकदा तोच असतो. स्पेलिंग एक पण मूळ वेगळे असेल तर कोश वेगवेगळे शीर्षशब्द करतो आणि त्यांना क्रमांक देतो. पैशांची बँक आणि नदीचा काठ म्हणजे बँक, या दोन्ही नोंदी अशाच शेजारी उभ्या असतात.

शीर्षशब्दानंतर उच्चार येतो. स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवले की आवाज ऐकू येतो, ही इलेक्ट्रॉनिक कोशाची मोठी देणगी. तरीही उच्चारचिन्हांची ओळख करून घ्यावी. अक्षराच्या वरच्या अंगाला दिसणारी बारीक उभी रेघ ज्या अवयवाआधी, म्हणजे उच्चाराच्या ज्या तुकड्याआधी असते, त्या अवयवावर आघात, म्हणजे जोर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर रेघ पहिल्या अवयवाआधी, क्रियापद असेल तर दुसऱ्याआधी. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा पालटत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो आपोआप जाणवत नाही. रेघ पाहून मग ऐकले की जाणवतो.

शब्दाची जात कोणती, यानंतर शिकणाऱ्यांच्या कोशात नाम गणनीय (एक, दोन असे मोजता येणारे) की अगणनीय हेही दिलेले असते. एका अक्षराची ही खूण फार मोलाची. ‘ॲडव्हाइस’ अगणनीय आहे. मराठीत आपण ‘दोन सल्ले’ सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीतही त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लावावासा वाटतो. ती खूण पाहिली असती तर चूक टळली असती. क्रियापदाजवळ ‘समबडी’ आणि ‘समथिंग’ यांची आखूड रूपे दिसतात. कर्म कुठे येते, व्यक्ती की वस्तू, पुढे कोणते शब्दयोगी अव्यय लागते, हे सारे ती सांगतात.

शब्दाचा वापर कुठे आणि कोणापुढे चालेल हे खुणांवरून समजते: औपचारिक, बोलीतला, जुना, अपमानकारक, ब्रिटिश, अमेरिकी. सभेच्या संदर्भात ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटिश इंग्रजीत ‘प्रस्ताव चर्चेला मांडणे’ असे सांगते, तर अमेरिकी इंग्रजीत ‘चर्चा लांबणीवर टाकणे’. दोन्ही अर्थ एकाच नोंदीत असतात, आणि त्यांच्यातला विरोध फक्त त्या छोट्या खुणेने उलगडतो.

वाक्प्रचार शोधताना छापील कोशात कोणता शब्द पकडावा हा प्रश्न पडे. इलेक्ट्रॉनिक कोशात अख्खा पदबंध टाइप करता येतो. ‘पुट अप विथ’, म्हणजे सहन करणे, ‘पुट’च्या लांबलचक नोंदीत धुंडाळावे लागत नाही. अनेक कोशांत माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी तारका किंवा प्रश्नचिन्ह टाकूनही शोध घेता येतो. या सोयीची एक किंमत आहे. छापील पानावर डोळ्यांना आपोआप भेटणारे शेजारचे शब्द इथे नजरेआड जातात. ‘जवळचे शब्द’ अशी यादी दिली असेल तर ती उघडून पाहावी, एका कुळातले शब्द तिथे एकत्र सापडतात.

पडद्यावरच्या कोशाला छापील खंडासारखे ठाम अस्तित्व नसते. ऑक्सफर्डचा मोठा कोश दर तीन महिन्यांनी सुधारला जातो, म्हणून त्यातला अर्थ उद्धृत करताना पाहिल्याची तारीख द्यावी. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने छापील कोश बंद करण्याची घोषणा २०१२ मध्ये केली, आणि त्याचा इंटरनेटवरचा कोशही २०२३ मध्ये बंद झाला. उलट, प्रताधिकार संपलेला १९१३ चा वेबस्टर कोश कित्येक मोफत ॲपमध्ये आजही वापरात असतो, अनेकदा वर्षाचा उल्लेखही न करता. ॲपचा मजकूर कुठून घेतला आहे हे माहितीच्या पानावर पाहावे. त्या १९१३ च्या कोशात ‘कॉम्प्युटर’चा अर्थ दिला आहे: गणना करणारा माणूस.